दर्या बंद आहे तोवर

मे महिना सरत आला की मालवण-तारकर्लीच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्या पडतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत आपल्याकडचं स्कूबा बंद होतं. पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-सांगलीची डायव्हर मंडळी मग पुढच्या हंगामाचे बेत करत बसतात. ज्यांचं ओपन वॉटर झालंय, त्यावरचं ॲडव्हान्स्डही झालंय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आता रेस्क्यूचा कोर्स आहे. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोर्स जरूर करा, पण नुसतं ऑक्टोबरचं बुकिंग करून स्वस्थ बसू नका. हे पावसाचे तीन महिने तयारीला द्या.

कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. तेवढ्या वेळात प्रशिक्षक तुम्हाला पद्धत शिकवू शकतो. दम, पोहणं आणि पाण्यातली स्थिरता मात्र तुम्ही बरोबर घेऊनच जायला हवी. ती नसेल तर त्या चार दिवसांत तुम्ही कसेबसे एकेक सराव पार पाडता, कार्ड मिळतं, आणि त्या कार्डाच्या भरवशावर पुढे कुणीतरी तुमच्याबरोबर निर्धास्त पाण्यात उतरतं. मला काळजी त्या माणसाची वाटते.

ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रशिक्षकाने तुमची टाकी धरून चार मासे दाखवून आणले असतील, तर त्यात मजा आली असेल, पण ते प्रशिक्षण नव्हे. पहिली पायरी ओपन वॉटरची, त्यात १८ मीटरपर्यंत बडीबरोबर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराबरोबर, जाता येतं. दुसरी ॲडव्हान्स्डची, ती ३० मीटरपर्यंत नेते. रेस्क्यू त्यानंतर. पॅडी संस्थेचा रेस्क्यू डायव्हरचा कोर्स करायचा तर पाण्याखाली होकायंत्राने दिशा धरण्याचं शिक्षण झालेलं लागतं आणि गेल्या २४ महिन्यांत प्रथमोपचार व सीपीआर शिकलेलं असावं लागतं. एसएसआयचा असाच कोर्स स्ट्रेस अँड रेस्क्यू या नावाने चालतो. नावं वेगळी, आतलं काम जवळपास सारखंच.

आता मुद्द्याचं. पाण्याखाली माणसाकडे लक्ष मोजकंच असतं आणि ते कुठे खर्च होतं यावर सगळं ठरतं. नवा डायव्हर मास्कमध्ये शिरलेलं पाणी, दुखणारे कान, खाली-वर होणारं शरीर आणि खोली दाखवणारा आकडा यांत पुरता गुंतलेला असतो. शेजारचा बडी दोन मिनिटांपूर्वी कुठे होता हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. रेस्क्यूच्या कोर्समध्ये मात्र पहिल्या तासापासून तुमचं लक्ष दुसऱ्या माणसावर असायला लागतं. ते तिकडे जावं म्हणून तुमची स्वतःची कामं हाताला इतकी सवयीची झालेली हवीत, की त्यांचा विचारच करावा लागू नये.

म्हणून आधी स्वतःला तपासा. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप तुम्ही दोरीला न धरता, हात न मारता, खोलीत अर्ध्या मीटरचाही फरक न पडू देता करू शकता का? मास्क पूर्ण काढून, थांबून, पुन्हा लावून पाणी बाहेर काढताना श्वास शांत राहतो का? डोळे मिटून ऑक्टोपस, इन्फ्लेटरचं बटण आणि वेट बेल्टचं बक्कल पहिल्या प्रयत्नात हाताला लागतं का? बडीची बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जाकीट, तुमच्यापेक्षा वेगळ्या बनावटीची असेल, तर तिची वजनं कशी सुटतात हे बोटीवरच बघून घेता का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असेल, तर रेस्क्यूच्या आधी चार साध्या डाइव्ह करा. छायाचित्रं नकोत, व्हिडिओ नकोत, खोल जाणं नको. कमी खोलीवर स्थिर राहण्याचा सराव करा. एखाद्या केंद्राकडे सरावाचा तलाव असेल तर पावसाळ्यातही हे जमतं.

दुसऱ्याकडे लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं कशाकडे, तर सगळ्यांत आधी हवेकडे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही डायव्हिंगमधल्या सुरक्षेवर काम करणारी संस्था १९८० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सुरू झाली. तिच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत सुरुवात कशाने झाली हे सापडलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत पहिली कडी हवा कमी पडण्याची किंवा संपण्याची होती. शार्क नाही, वादळ नाही. अशा वेळी बहुतेकदा गेजकडे वेळेवर पाहिलेलं नसतं, किंवा पाहूनही बडीला सांगितलेलं नसतं.

याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा, तो मनात पक्का बसतो. आपल्याकडे सर्रास मिळणारी ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची असते. २०० बारला भरली तर तिच्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून तिथे मिनिटाला ५६ लिटर लागतात आणि टाकी कागदावर ३९ मिनिटं चालते. तोच माणूस घाबरून मिनिटाला ६० लिटर ओढायला लागला, तर त्याच खोलीवर मिनिटाला १६८ लिटर जातात. टाकी निम्मी असताना हे झालं तर त्याच्याकडे साडेसहा मिनिटंच उरतात, आणि वर येताना शेवटी थोडी शिल्लक राखायची म्हटलं तर तेवढीही नाहीत. बडीचा श्वास वाढलेला तुम्हाला त्याच्या बुडबुड्यांवरून दिसतो. शांत माणसाचे बुडबुडे झुबक्यांनी येतात, मध्ये खंड पडतो. घाबरलेल्याची अखंड धार लागते. ती धार दिसली की गेज दाखवायला सांगा, त्याची खूण होण्याची वाट पाहू नका.

त्याच्याही आधी बरंच काही बोटीवर दिसतं. वर्षानुवर्षं शिकाऊ डायव्हरांबरोबर बोटीवर बसून मला एक गोष्ट पटलेली आहे, की पाण्यात जाऊन करावी लागणारी पुष्कळशी सुटका बोटीवरच टाळता येते. एरवी बडबडणारा माणूस गप्प झाला, किंवा गप्प बसणारा एकाएकी फार हसायला लागला. कुणी मास्कचा पट्टा चौथ्यांदा ओढून बघतोय. कुणी सगळे तयार झाले तरी फिन्सच शोधतोय. कुणाची मूठ होडीच्या कडेवरून सुटत नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘हो हो, ठीक आहे.’ आपल्याकडे हे उत्तर फार ठरावीक आहे. पैसे भरलेत, गाडी करून आलोय, नवरा किंवा मित्र उत्साहात आहेत, आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील! पाण्याची भीती वाटते हे सांगायला आपली माणसं लाजतात, आणि पोहता येत नाही हे सांगायला तर त्याहून जास्त. म्हणून सगळ्यांसमोर ‘ठीक आहे ना?’ विचारू नका. बाजूला बसा, त्याची टाकी तपासायला मदत करता करता ‘मागची डाइव्ह कधी केली होती?’ असं विचारा. उत्तर आपोआप मिळतं. आणि कुणी ‘आज नको’ म्हणालं, तर एकही प्रश्न न विचारता तुम्हीही त्याच्याबरोबर बोटीवर थांबा. डाइव्ह केव्हाही, कुठल्याही कारणाने रद्द करता येते, हा नियम पहिल्या कोर्सपासून सगळ्यांना शिकवतात. तो वापरणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढं तुम्ही बघा.

स्वतःच्या बाबतीतही हाच नियम लावा. पाण्यात काही बिनसलं तर शिकवलेला क्रम असा: थांबायचं, श्वास घ्यायचा, विचार करायचा, मग हालचाल. यांत श्वास दुसऱ्या क्रमांकावर आहे त्याला कारण आहे. धापा टाकताना माणूस उथळ श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि रेग्युलेटर चांगला चालत असूनही हवा पुरत नाही असं वाटायला लागतं. मग माणूस रेग्युलेटरच तोंडातून काढून टाकतो. दोन-तीन लांब उच्छ्वास सोडले की हे चक्र तुटतं. जिने चढून धाप लागल्यावर मुद्दाम लांब उच्छ्वास सोडायची सवय आतापासून लावून घ्या, पाण्यात ती कामी येते.

पृष्ठभागावर घाबरलेला माणूस कसा दिसतो हे नीट समजून घ्या, कारण कोर्समधला सर्वांत दमवणारा सराव तोच असतो. मास्क कपाळावर ढकललेला किंवा पार गेलेला. रेग्युलेटर तोंडाबाहेर. हनुवटी वर, डोळे विस्फारलेले, आणि दोन्ही हात पाणी खाली दाबत असल्यासारखे मारत तो पाण्याच्या बाहेर चढू पाहतो. बीसीडीत हवा भरायचं बटण त्याच्या डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर लोंबत असतं, पण त्याला ते आठवत नाही. वजनं कमरेला तशीच असतात. अशा माणसाच्या हाताच्या टप्प्यात गेलात की तो तुमच्यावर चढणार. त्याचा त्यात काही दोष नाही. बुडणारं शरीर मिळेल त्यावर चढतं. म्हणून आधी स्वतःची बीसीडी फुगवा, अंतर ठेवा, नावाने हाक मारा आणि छोट्या आज्ञा द्या: ‘बीसीडी फुगव! वजनं सोड!’ त्याच्याकडे ट्यूब, बोया, दोरी, जे असेल ते ढकला. तरीही जवळ जायचंच असेल तर समोरून जाऊ नका. पाण्याखालून किंवा वळसा घालून मागे जा, त्याची टाकी गुडघ्यांत पकडा आणि मागूनच त्याची बीसीडी फुगवा. त्याने तुम्हाला धरलंच तर रेग्युलेटर तोंडात ठेवून खाली जा. तो वर राहायला धडपडतोय, तुमच्यामागे खाली येणार नाही.

हे वाचायला सोपं आहे. प्रशिक्षक जेव्हा पूर्ण ताकदीने तुमच्यावर झेपावतो तेव्हा सोपं राहत नाही. तुमचा मास्क निघतो, नाकातोंडात पाणी जातं. त्या क्षणी शांत राहण्याची तयारी घरच्या घरी होत नाही, पोहण्याच्या तलावातच होते. तेव्हा पोहण्याकडे वळू.

ओपन वॉटरला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं पुरतं. रेस्क्यूसाठी मी त्याहून वरचं माप धरायला सांगेन. त्यापुढच्या डाइव्हमास्टरच्या पायरीला ४०० मीटर न थांबता पोहणं, मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ८०० मीटर जाणं, १५ मिनिटं तरंगणं आणि एका डायव्हरला १०० मीटर ओढून नेणं अपेक्षित असतं. त्याची वेळ लावू नका, अंतर फक्त दमछाक न होता पार करा. पालिकेच्या तलावावर आठवड्यातून तीनदा गेलात तर जून ते सप्टेंबर एवढ्यात हे बहुतेकांना जमतं. जीवरक्षकाला सांगून मैत्रिणीला किंवा मित्राला ओढून नेण्याचाही सराव करा. मी अंगाने किरकोळ आहे आणि माझ्या दीडपट वजनाच्या पुरुषांना ओढून नेलेलं आहे. यात ताकदीपेक्षा लय कामाला येते. फिन्स कमरेतून हळू आणि लांब मारायच्या असतात. पायात गोळा आला तर फिनचं टोक धरून पाय ताणायचा, हेही तिथेच घोटून घ्या.

एक धोक्याची सूचना इथेच देते. दम वाढवायचा म्हणून तलावात श्वास रोखून पाण्याखाली लांब जाण्याच्या शर्यती लावू नका आणि त्याआधी भराभर श्वास तर मुळीच घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते, आणि चांगला पोहणाराही कसलीही जाणीव न होता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. स्कूबात श्वास रोखायचा नसतोच.

तब्येतीचं. डायव्हिंगची आरोग्य प्रश्नावली तुम्ही याआधी भरली असेल. बहुतेक जण सगळीकडे ‘नाही’ असं लिहून मोकळे होतात. या वेळी खरं लिहा. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचं जुनं काही, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि प्रश्नावलीबरोबर डॉक्टरांसाठी छापलेली मार्गदर्शक पानंही न्या, कारण गावातल्या भल्या डॉक्टरांनाही डायव्हिंगचं वैद्यक ठाऊक असेलच असं नाही. चाळिशी-पन्नाशीच्या लोकांनी हृदयाची तपासणी टाळू नये. रेस्क्यूच्या सरावात नाडी एकदम चढते, आणि वाळूवरून बेशुद्ध माणसाला ओढणं हे खरोखरच अंगमेहनतीचं काम आहे.

प्रथमोपचाराचं शिक्षण कोर्सच्या आदल्या दिवशी उरकण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. जुलैत शिका आणि ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला उशीवर का होईना सराव करा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉसचे वर्ग असतात; डायव्हिंग संस्थांचेही असतात. कुठलं प्रमाणपत्र चालेल हे आधी केंद्राला विचारून घ्या. छातीवर ३० दाब, मग २ श्वास. दाब मिनिटाला १०० ते १२०, प्रौढांच्या छातीवर किमान ५ सेंटिमीटर खोल. पण बुडालेल्या माणसाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या रक्तात सुरुवातीला प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून नुसता छातीवर दाब दिला तरी काही काळ उपयोग होतो. बुडालेल्याचा प्राणवायूच संपलेला असतो. म्हणून सुरुवात श्वास देऊन करायची आणि श्वास देणं सोडायचं नाही. समाजमाध्यमांवरचे ‘फक्त छाती दाबा’ सांगणारे व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

बेशुद्ध डायव्हरचा सराव हा कोर्सचा गाभा आहे. तळाशी सापडलेल्या माणसाचा रेग्युलेटर तोंडात असेल तर तो तिथेच धरून ठेवायचा, नसेल तर बसवत बसायचं नाही, आणि वर न्यायचं. वर आल्यावर दोघांच्याही बीसीडी तरंगतील अशा करायच्या, त्याची वजनं सोडायची, मास्क काढायचा, मान मागे करून श्वास तपासायचा. श्वास नसेल तर द्यायला सुरुवात करायची, आणि बहुतेक कोर्समध्ये शिकवतात तसा दर पाच सेकंदांनी एक श्वास देत किनाऱ्याकडे किंवा बोटीकडे ओढत न्यायचं. याच दरम्यान त्याची बीसीडी सोडवायची आणि स्वतःचीही. एक हात त्याच्या काखेतून जाऊन टाकी धरतो, दुसरा हनुवटीवर. पाच सेकंद पुरतात किती, हे तेव्हा कळतं: एक बक्कल सुटतं, पुढचं हाताला लागेपर्यंत पुन्हा तोंडाशी जायची वेळ झालेली असते, एक लाट तोंडावर येते, आणि मोजणी चुकते. मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजत दुसरी कामं करायची सवय घरी लागते. भांडी घासताना लावा, कपड्यांच्या घड्या घालताना लावा. बक्कल सोडायला हात मोकळे आणि मोजणी आपोआप चालू, एवढं जमलं तर कोर्समधले तुमचे हाल निम्म्याने कमी होतील.

मग बोट. पुस्तकातल्या चित्रांमध्ये मागे सपाट फळी असलेली डाइव्ह बोट असते. आपल्याकडे बऱ्याचदा उंच कडेची फायबरची होडी असते, आणि भिजलेलं, सैल पडलेलं शरीर त्या कडेवरून आत घेणं दोघा-तिघांशिवाय होत नाही. म्हणून तांडेल आणि खलाशी यांच्याशी बोलून ठेवा. दर्यावर जन्म गेलेली माणसं आहेत ती. वारा फिरतोय, पाण्याला ओढ लागलीय, आज उधाण आहे की भांग, हे त्यांना तुमच्या कॉम्प्युटरच्या आधी कळतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त असते, अष्टमीच्या भांगाला कमी; कोर्सच्या तारखा ठरवताना पंचांगही बघा आणि तांडेलालाही विचारा. कोर्स कुठे करावा हे विचाराल तर, जिथे पुढे डाइव्ह करणार आहात तिथे, असं माझं मत आहे. अंदमानचं निळंशार पाणी शिकायला सुखाचं आहे, यात वाद नाही. पण जो पुढे तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला जाणार, त्याने चार-पाच मीटरच दिसणाऱ्या पाण्यात हरवलेला माणूस शोधायला शिकलेलं बरं.

हरवलेल्या डायव्हरला शोधण्याचा सराव मैदानावरही होतो. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिटभर आसपास बघायचं आणि वर यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तो वरही आला नाही, तर शेवटचा दिसला त्या जागेपासून होकायंत्र धरून वाढत्या चौकोनात शोध घ्यायचा असतो. पाऊस थांबला की होकायंत्र घेऊन मैदानात जा. दहा पावलं, नव्वद अंश वळण, दहा पावलं, वळण, मग वीस, वीस, तीस, तीस. नजर होकायंत्रावर ठेवून हे चुकायचं थांबलं की पावलांच्या जागी फिन्सच्या फटकाऱ्यांची गणती लावायची.

आता ज्या गोष्टी बोटीवर असायलाच हव्यात आणि पुष्कळदा नसतात, त्यांच्याबद्दल. केंद्राला फोन कराल तेव्हा विचारा, की ऑक्सिजन बोटीवर असतो की दुकानात, आणि किती लिटर? खूप वेगाने किंवा श्वास रोखून वर आलेल्या माणसाच्या फुप्फुसाला इजा होऊ शकते, हवेचे बुडबुडे रक्तात जाऊ शकतात; किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. दोन्हींत पहिला उपचार एकच, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि माणसाला आडवं ठेवणं. पुन्हा पाण्यात उतरवून ‘बरं’ करायचा प्रयत्न कधीही करायचा नाही. मास्कमधून मिनिटाला १५ लिटर दिला, तर ४०० लिटरची छोटी बाटली अर्ध्या तासाच्या आत संपते. किनारा अर्ध्या तासावर आणि रुग्णालय त्यापुढे एक तासावर असेल, तर ती बाटली पुरणार नाही हे आधीच कळलेलं बरं. दाबाची कोठी, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, जवळात जवळ कुठे आहे आणि तिथे डायव्हिंगचे रुग्ण घेतात का, हेही विचारा. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या शास्त्राचं शिक्षण देणारी संस्था आहे, पण मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. तटरक्षक दलाचा १५५४, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्वसाधारण आणीबाणीचा ११२ हे क्रमांक होडीवर लिहून ठेवलेले असावेत, नुसते मोबाइलमध्ये नकोत. मोबाइल भिजतो, किंवा त्याचा मालक पाण्यात असतो.

रात्रीच्या बसने पुण्याहून निघून पहाटे मालवणात उतरायचं आणि आठ वाजता पाण्यात, हा आपल्याकडचा रिवाज रेस्क्यूच्या कोर्सला चालणार नाही. एक दिवस आधी पोहोचा, झोपा, भरपूर पाणी प्या. परततानाही घाई नको. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास थांबा असं डॅन सांगते, हे पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्यांना ठाऊक असतं. पण तोच विचार ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो, आणि आंबोलीसारखा घाटमाथा तेवढ्या उंचीवर आहे, हे कोकणातून त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र खालीच काढा.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. सगळं बरोबर केलं, वेळेवर केलं, तरी माणूस वाचेलच असं नाही. रेस्क्यू शिकलेल्यांना अशा प्रसंगानंतर महिनोन्महिने झोप लागत नाही, आपण अजून काय करायला हवं होतं हे मन पुन्हा पुन्हा विचारत राहतं. असं कुणाच्या वाट्याला आलं तर त्याने एकट्याने सोसू नये, बोलावं, गरज पडली तर समुपदेशकाकडे जावं. आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून पाण्यात उतरणं हे या शिक्षणात कुठेही शिकवत नाहीत. विशेषतः समुद्रकिनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांत कुणी बुडताना दिसलं, तर रेस्क्यू डायव्हर म्हणून उडी मारू नका. लाटांतली सुटका हे जीवरक्षकांचं वेगळं शास्त्र आहे. तिथे तुमचं काम म्हणजे जीवरक्षकाला बोलावणं, तरंगणारं काही फेकणं, आणि बाहेर आल्यावर श्वास द्यायला तयार असणं.

कोर्सला तुमचा नेहमीचा बडी बरोबर घेऊन जा. एकाने शिकून दुसऱ्याला सांभाळायचं, अशी व्यवस्था पुष्कळ जोडप्यांत आणि मित्रांत असते, आणि बहुतेकदा जो जास्त अनुभवी तोच शिकायला जातो. पण तळाशी बेशुद्ध पडण्याची वेळ त्या अनुभवी माणसावरही येऊ शकते, आणि तेव्हा जवळ असेल तो न शिकलेला दुसरा. तेव्हा सप्टेंबरमध्ये केंद्राला फोन कराल तेव्हा दोन जागा सांगा, आणि पोहायला या आठवड्यापासूनच दोघं मिळून जा.